जेसीचं दुसरं नवं साल

दिवाळीचा फराळ संपत येतो आणि आमच्या गल्लीत कापूस उडायला लागतो. स्टेशनकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांतून तो सांडतो, बाभळीच्या काट्यांना लटकतो, दोरीवरच्या लुगड्यांना चिकटतो आणि एखादा चुकार पुंजका थेट माझ्या चहात येऊन पडतो. सून वैतागते, झाडू घेऊन अंगणात उतरते. मी तो पुंजका बोटानं काढते आणि चहा पिऊन टाकते. माझ्या पोटात एव्हाना एक लहानशी उशी भरेल इतकी नंदुरबारची रुई गेली असेल. त्यानं माझं काही बिघडलेलं नाही, उलट थंडीत बरंच वाटतं.

मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा ट्रॅक्टर नव्हते, बैलगाड्या होत्या. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोनतीन वर्षं होती. मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून नाशिकहून माझी नेमणूक झाली होती, आणि खोली मिळाली ती कापसाची सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून. पहाटे बॉयलरचा भोंगा असा काही वाजे की मी अंथरुणात दचकून उठून बसे. महिनाभरानं भोंगा वाजला नाही तर दचकायला लागले. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी तेव्हा शिकले आणि मग मुलींना निबंधात लिहायला लावत राहिले.

जिनिंगमधली यंत्रं आणि बॉयलर सांभाळायला एक स्कॉटलंडचा गोरा फिटर होता. सगळे त्याला फिटरसाहेब म्हणत. माणूस भला, बोलणं कमी, अंगाला कायम तेलाचा वास. एके संध्याकाळी तो टोपी हातात घेऊन माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला की माझ्या बायकोला शुद्ध मराठी शिकवाल का? मला भारी अभिमान वाटला. पुस्तक, पाटी, उजळणी, सगळी तयारी करून मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या बंगलीवर गेले. दारात लाल केसांची, हाडापेरानं दणकट अशी एक बाई उभी होती. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाली, “तू मास्तरीण शे का? ये व माय, बठ. चहा पेस का?”

ती जेसी. जिनिंगमधल्या बायकांत बसून बसून तिनं अहिराणी उचलली होती, आणि तीच मराठी असा तिचा पक्का समज होता. मी ‘माझा भाऊ’ शिकवायची, ती वहीत तसं लिहायची आणि तोंडानं ‘मन्हा भाऊ’ म्हणायची. तीन महिने मी कष्ट घेतले. शेवटी तिच्याशी बोलता बोलता मलाच ‘शे’ आणि ‘नही’ यायला लागलं आणि शाळेत हेडबाईंनी मला हटकलं. कोण कोणाला शिकवत होतं हे फिटरसाहेबाला कळलं असावं, पण तो सभ्य माणूस, शिकवणीचे पैसे वेळेवर देत राहिला.

साहेबाची बायको बायकांत बसून कपाशी निवडते, ही त्या वेळी गावाला मोठीच नवलाची गोष्ट होती. जिनिंगच्या पटांगणात कपाशीचे ढीग असत. सातपुड्यातून हंगामापुरत्या उतरलेल्या पावरा आदिवासी बायका आणि गावातल्या बायका त्या ढिगांभोवती रांगेनं बसून पानांचा चुरा, काड्या आणि कवडी, म्हणजे डागाळलेला कापूस, वेचून बाजूला काढत. जेसी पदर नसलेल्या डोक्याला रुमाल बांधून त्यांच्यात बसे आणि तिची बोटं त्यांच्याहून झरझर चालत. मी एकदा विचारलं की हे तू कुठे शिकलीस? ती म्हणाली, “मन्हा गावले. फक्त तठे कपाशी नही, कोयसा.”

तिचं गाव कोळशाच्या खाणीचं. नाव तिनं पुष्कळदा सांगितलं, पण ते घशात कुठेतरी अडकवून उच्चारावं लागे. आम्ही नाद सोडला आणि त्याला ‘कोयसानं गाव’च म्हणायला लागलो. चौदाव्या वर्षापासून ती खाणीच्या तोंडाशी कामाला होती. वर आलेला कोळसा सरकत्या लोखंडी पट्ट्यावरून पुढे जाई आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या मुली त्यातले दगड वेचून फेकत. हाताला थंडीनं भेगा पडत, नाकात काळं जाई, आणि सगळ्या जणी गळ्याच्या शिरा ताणून गात, कारण यंत्राच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, गायलेलं मात्र येई. जमनीला हे फार आवडलं. जमनी म्हणजे धडगावकडची पावरा बाई, घरी पावरी बोलणारी, जिनिंगमध्ये अहिराणी, आणि बायकांच्या त्या सगळ्या रांगेची न नेमलेली मुकादमीण. “म्हणजे तू आमनामाईनच शे,” तिनं निकाल दिला, म्हणजे तू आमच्यातलीच. त्या दिवसापासून जेसीला बसायला तिच्या शेजारची जागा ठरली.

कोळशाचं ते गाव मी कधी पाहिलं नाही आणि आता पाहायची नाही, पण आमच्या नंदुरबारच्या बाजारापेक्षा ते मला जास्त माहीत आहे. एकाच भिंतीला भिंत लावून उभ्या असलेल्या घरांच्या लांब ओळी. प्रत्येक ओळीला एक नळ, आणि त्या नळावर रोजची भांडणं. खाणीतून काढून टाकलेल्या दगडमातीचा गावामागे एक काळा डोंगर, आतून धुमसणारा, आणि त्याच्यावरून पोरं जुन्या पत्र्यांवर बसून घसरत खाली यायची. पुरुष घरी येत ते डोळे आणि दात सोडून सगळे काळे. चुलीसमोर पत्र्याचं घंगाळ ठेवून त्यात अंघोळ. जेसीचा बाप मात्र पाठ धुऊ देत नसे. पाठ धुतली की कणा कमजोर होतो, अशी खाणकऱ्यांची ठाम समजूत. “म्हणजे जलमभर पाठ काळीच?” जमनीनं विचारलं. जेसी म्हणाली, हो, आणि आई जन्मभर चादरी धूत राहिली. हसून हसून बायकांच्या हातातली कपाशी खाली पडली.

तिथली माणसं काळी होऊन घरी जात आणि आमच्या जिनिंगमधली पांढरी होऊन. संध्याकाळचा भोंगा झाला की बायका फाटकातून बाहेर पडत तेव्हा त्यांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुई बसलेली असे आणि विशीतल्या पोरी एकदम साठीच्या दिसत. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. त्या पोरींकडे बघून मला म्हातारपणाची गंमत वाटे. आता आरशात बघते तेव्हा रुई झटकायला हात वर जातो.

थंडी तेव्हा कडक पडे. सकाळी तापीवरून येणारं वारं कानाला झोंबे, आणि बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून बसायला मी शाळेच्या आधी अर्धा तास काढी. तिथे जमनीचा नवरा दित्या आगवाला म्हणून होता. उंच, काळा कुळकुळीत, खांद्यानं भिंत पाडेल असा, आणि स्वभावानं इतका लाजाळू की बायका दिसल्या की बॉयलरच्या मागे जाई. तो फावड्यानं कोळसा आत सारी, झाकण लावी आणि वाफेचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे एखाद्या तापलेल्या पोराच्या कपाळाकडे बघावं तसा बघे. फिटरसाहेबाचा त्याच्यावर सगळ्यांत जास्त विश्वास होता.

हा दित्या जेसीच्या मनात भरला तो एका वेगळ्याच कारणासाठी. जेसीच्या गावाकडे नवं साल लागलं की घराच्या उंबऱ्यातून आत पाऊल टाकणारं पहिलं माणूस कोण, यावर सगळं वर्ष अवलंबून. ते उंच हवं, काळ्या केसांचा पुरुष हवा, आणि त्याच्या हातात कोळशाचा खडा हवा. तो खडा त्यानं आपल्या हातानं चुलीत टाकायचा, म्हणजे घर वर्षभर उबेत राहतं. बाई पहिली आली तर वाईट. लाल केसांचं कोणी आलं तर फारच वाईट. फिटरसाहेब स्वतः तांबूस केसांचा, म्हणून त्या सकाळी तो बिचारा मागच्या दारानं बाहेर पडे आणि कोणीतरी येऊन जाईपर्यंत घरात फिरकत नसे. त्या वर्षी जेसीनं दित्याला आठ दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं की एक तारखेला सूर्य उगवला की कोळशाचा खडा घेऊन ये.

यातलं मला कोणी काही सांगितलं नव्हतं. एक जानेवारीला साहेबलोकांचा सण असतो एवढं मला माहीत. मी पहाटे उठून रव्याचे लाडू वळले, नवं लुगडं नेसले, इंग्रजीतून शुभेच्छा पाठ केल्या आणि उजाडताच बंगलीवर गेले. दार उघडंच होतं. मी तोंडभर हसत उंबरा ओलांडला आणि शुभेच्छा म्हणून टाकल्या. जेसी चुलीपाशी उभी होती. तिचा चेहरा एकदम उतरला. मग तिनं हसू आणलं, लाडू घेतले, मला खुर्ची दिली. मला वाटलं, माझे उच्चार चुकले.

दित्या त्यानंतर बऱ्याच वेळानं आला. उशीर का? तर मडमच्या घरी, सणाच्या दिवशी, अंगाला काजळी लागलेली घेऊन कसं जायचं, म्हणून तो आधी विहिरीवर जाऊन घासून घासून अंघोळ करून आला होता. धुतलेलं धोतर, डोक्याला तेल. आणि बरोबर आणलेला कोळशाचा खडाही त्यानं राखेनं घासून स्वच्छ धुतला होता. तो खडा त्यानं लाजत लाजत चुलीत ठेवला. चूल फुसफुसली, धूर झाला, आणि विझली. तेव्हा कुठे जेसीनं मला ती सगळी रीत सांगितली आणि म्हणाली, जाऊ दे, तुझी काय चूक. मी घरी आले आणि दिवसभर काही खाल्लं नाही.

जानेवारीच्या शेवटी विलायतेच्या टपालात तिच्या बहिणीचं पत्र आलं. नव्या सालाच्या दुसऱ्याच दिवशी खाणीत पाणी शिरलं होतं. सात माणसं आत अडकली होती आणि जेसीचा धाकटा भाऊ टॉम त्यांत होता. बहिणीनं घाईत लिहिलं होतं, पंप लावलेत, आम्ही सगळ्या खाणीच्या तोंडाशी उभ्या आहोत, टपालाची वेळ झाली म्हणून एवढंच. तार करण्याची त्या घरांत पद्धत नव्हती. पुढचं टपाल आठ दिवसांनी.

दुसऱ्याच दिवशी! मी हजार वेळा मनात मोजलं. नास्तिक नव्हते, पण असल्या गोष्टींवर वर्गात मुलींची टर उडवणारी मी, तोंड लपवायला जागा शोधत होते. मी ते लाडू वळले नसते तर? थोडा उशीर केला असता तर? तिच्याकडे जायचा धीर होईना. दोन दिवस शाळेतून परस्पर घरी गेले. तिसऱ्या दिवशी जमनीच दाराशी आली. “मास्तरीणबाई, काब येस नही तू? ती तुन्ही वाट देखी ऱ्हायनी.” मी तिला सगळं सांगितलं. मीच तिचं साल बिघडवलं, असं म्हणताना रडूच आलं. जमनीनं ऐकून घेतलं. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “साल बिघडनं ते दुसरं मांड ना. त्याम्हा काय शे?”

तिचं म्हणणं मला समजायला वेळ लागला, कारण आपलं पंचांग छापलेलं. पाडवा म्हणजे पाडवा, तो काही कोणासाठी थांबत नाही. सातपुड्यात तसं नाही. तिथे एका पाड्याची दिवाळी पौषात, तर शेजारच्याची माघात. धान्य घरात आलं, बाहेरगावी गेलेली माणसं परतली, गावात कोणाचं दुखणंखुपणं नाही असं बघून पंच बसतात आणि दिवस ठरवतात. गावात कोणी मेलं तर सण पुढे ढकलतात, आणि सगळं निवळलं की साजरा करतात. “आमनी दिवाई आजून व्हयनीच नही,” जमनी म्हणाली. “गाव तयार व्हयनं का मंग सन येस. तिन्हं गाव कव्हय तयार व्हतं? तिन्हा भाऊ पानीम्हा, आन ती आठे एकली. तिन्हं नवं साल आजून उनंच नही.” म्हणजे भाऊ पाण्यात, ती इथे एकटी, तिचं नवं साल अजून आलेलंच नाही.

मी शिकलेली बाई. तीन महिने तिला तारखा, वार, महिने शिकवले होते. पण त्या दिवशी जमनीचं बोलणं मला इतकं पटलं की मी चपला न घालताच तिच्यामागे निघाले.

जेसीला पटवावं लागलं नाही. तिनं फक्त विचारलं, पंच कोण? जमनी म्हणाली, आम्हीच की. जिनिंगच्या फाटकाजवळच्या लिंबाखाली सगळ्या बायका बसल्या, एकमतानं रविवार ठरला, कारण त्या दिवशी भोंगा नसे. बातमी कानावर गेली तेव्हा फिटरसाहेब म्हणाला की मी मागच्या दारानं बाहेर पडतो.

रविवारी सकाळी आम्ही सगळ्या बंगलीच्या कुंपणाबाहेर उभ्या होतो. मला जमनीनं दंडाला घट्ट धरून ठेवलं होतं, न जाणो पुन्हा लाडू घेऊन आत शिरेन. दार बंद, आत जेसी. दित्याला या खेपेस ताकीद होती की अंघोळ करायची नाही, कोळसा धुवायचा नाही. त्याच्या मानेवर, कानांत, दंडांवर सगळी बॉयलरची काजळी. आणि एकच खडा घेऊन कोणाच्या घरी जाणं त्याला बरं दिसेना, म्हणून तो डोक्यावर कोळशाची भरलेली पाटी घेऊन आला. तो आला तेव्हा बायकांत खसखस पिकली. त्यानं दार ठोठावलं, जेसीनं उघडलं, आणि तो वाकून, पाटी सांभाळत, उजवा पाय आधी टाकून आत गेला.

मग धुराड्यातून धूर निघाला, चांगला जाड, काळा. जेसी दारात आली. तिच्या गालाला काजळी लागली होती आणि ती रडत होती आणि हसतही होती. तिनं आम्हाला सगळ्यांना आत घेतलं. पावरा बायका जमिनीवर बसल्या, चहा झाला, आणि नंतर जेसीनं खाणीच्या तोंडाशी मुली गात ते गाणं म्हटलं. आम्हाला एक शब्द कळला नाही. जमनीनं मात्र टाळीचा ठेका पकडला आणि शेवटी तिचं आपलं एक गाणं त्याला जोडून दिलं. दोन्ही छान जमली.

टपाल मंगळवारी आलं. शाळेला दुपारची सुट्टी होती, म्हणून मीही पटांगणात होते, बायकांचा चहा नुकताच आला होता. पोस्टमननं पाकीट जेसीच्या हातात दिलं आणि सगळ्या रांगेचे हात थांबले. तिनं ते फोडलं, पहिल्या ओळीवर डोळे फिरवले आणि मोठ्यानं म्हणाली, “निंघना! मन्हा भाऊ निंघना!” चौथ्या दिवशी टॉमला वर काढलं होतं. पायाला मार होता, बाकी ठीक. जेसी उठून नाचायलाच लागली. मी तिच्या गळ्यात पडले. मनावरचं केवढं ओझं उतरलं ते सांगता येणार नाही. मास्तरणीचं डोकं मात्र गप्प बसतं थोडंच? मी हिशेब केला आणि बोलूनही गेले, की म्हणजे पहिलं पत्र आपल्याला मिळालं तेव्हा तो घरी शेकोटीशी बसला होता, आपण उगाच.

जमनी जागची उठली नव्हती. तिच्यासारख्या बाकीच्या पावरा बायकाही बसूनच होत्या. ती म्हणाली, “आन बाकीना? सात जन व्हतात ना?”

जेसी थांबली. तिनं पत्र पुन्हा हातात धरलं आणि या वेळी सावकाश शेवटपर्यंत वाचलं. सहा जण वर आले होते. सँडी नावाचा एक म्हातारा आला नव्हता. तो तिच्या ओळीतला, तीन घरं सोडून राहणारा. तिनं ते सांगितलं. जमनीनं त्याचं नाव दोनदा म्हणून पाहिलं, नीट येईपर्यंत. मग समोरच्या कपातला चहा थोडा त्याच्या नावानं जमिनीवर सांडला आणि मगच उरलेला प्यायली. तशाच सगळ्या जणी प्यायल्या. त्यानंतर कुठे हसणं-बोलणं सुरू झालं, आणि ते भोंग्यापर्यंत चाललं. सुटकेची बातमी कशी ऐकायची हे मी त्या दिवशी पाहिलं, आणि माझा ‘उगाच’ मला फार दिवस बोचत राहिला.

होळीला बायका डोंगरात परत गेल्या, हंगाम संपला. मी जेसीकडे जात राहिले, पण एक गोष्ट माझ्याकडून व्हायची नाही. तिच्या दारात मी कधी पहिली शिरत नसे. दूधवाला, मोलकरीण, कोणीतरी आत जाईपर्यंत बाहेर पायरीवर रेंगाळत राही. ती हसे. समजावून सांगे. मला सगळं समजत होतं. पत्रं, तारखा, टपालाचे आठ दिवस, सगळं मीच मोजलं होतं. तरी उंबऱ्याशी आले की पाय अडत.

वर्ष फिरलं. पुन्हा कापूस उडायला लागला, बायका उतरल्या, दित्या बॉयलरवर रुजू झाला. एक जानेवारीला मी ठरवून घरातच राहिले. दार लावून घेतलं, वह्या तपासायला घेतल्या. उजाडलं आणि कडी वाजली. उघडलं तर समोर जेसी. डोक्याला रुमालसुद्धा नाही, लाल केस मोकळे, आणि दोन्ही हात रिकामे.

“मी बाई,” ती म्हणाली. “आन वर लाल केसनी. यानातून वाईट मन्हा गावम्हा काहीच नही. आते तुन्हं साल बिघाडाले उनू.”

आणि माझ्या उंबऱ्याच्या बाहेर ती उभी राहिली. इतक्या दिवसांत ती कधी विचारून आली नव्हती, वाऱ्यासारखी आत शिरे. त्या सकाळी मात्र ती थांबली होती, थंडीनं नाक लाल झालेलं, माझ्या तोंडाकडे बघत. तिला आत घ्यायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं.

मी बाजूला सरले आणि म्हटलं, “ये व माय, बठ.”